अळी, डबा आणि फराळ

मागच्या सत्रात मी मुलांना एक इंग्रजी उतारा मराठी करायला घरी दिला होता. दिवसभर चालून दमलेले शिपाई संध्याकाळी छावणीवर येतात आणि गरमागरम 'ग्रब'वर तुटून पडतात, एवढाच प्रसंग. एका मुलाने लिहून आणले, "शिपाई गरमागरम अळ्यांवर तुटून पडले." वर्गात हशा पिकला. मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा कोश घेऊनच आला. म्हणाला, "सर, इथे अळीच दिलंय." त्याने दाखवले ते खोटे नव्हते.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. भाषाशास्त्र माझ्या वाट्याला आले नाही. पण त्या मुलाने मला कोशांपुढे बसवले. 'ग्रब' म्हणजे जमीन उकरणे. 'ग्रब' म्हणजे मातीतली अळी. आणि सतराव्या शतकापासून बोलभाषेत 'ग्रब' म्हणजे खाणेही. पाखरे अळ्या टिपतात त्यावरून हा अर्थ आला असावा, असा एक तर्क आहे. या शब्दाची भावंडेही आहेत. 'चाऊ' हा चिनी बंदरांतल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून आला, 'नॉश' यिडिश बोलणाऱ्या ज्यूंकडून आला, आणि 'टक' विलायतेतल्या शाळकरी पोरांनी रूढ केला. अर्थ एकच, पण प्रत्येकाची बसण्याउठण्याची जागा निराळी.

आता याला मराठी शब्द कोणता? 'अन्न' म्हटले की हात जोडावेसे वाटतात. 'भोजन' म्हटले की पाट आणि रांगोळी आली. 'आहार' डॉक्टरांच्या चिठ्ठीत शोभतो. 'जेवण' त्यातल्या त्यात जवळचे. पण ते गंभीर चेहऱ्याचे, त्यात शिपायांचा मोकळेपणा नाही. मराठी गरीब पडली की काय, असे क्षणभर वाटले.

नंतर ध्यानात आले, की मी चुकीच्या कप्प्यात हात घातला होता. इंग्रजीने हा मोकळेपणा नामात ठेवला. आपण तो क्रियापदात ठेवला आहे. आपल्याकडे माणूस जेवतो, खातो, भुरकतो, ओरपतो, चापतो, हादडतो, मटकावतो, चरतो. ताव मारतो, बकाणे भरतो, फडशा पाडतो. ताटातला भात तोच, पण "जेवलास का?", "खाल्लंस का?" आणि "गिळलंस का?" या तीन प्रश्नांत तीन घरे आहेत. रात्री उशिरा येणाऱ्या पोरापुढे ताट आदळून आई म्हणते, "घे, गिळ आता!" त्या एका शब्दात तिचा राग आहे, आणि ताट झाकून बारा वाजेपर्यंत जागी राहिलेली मायाही आहे. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. तेव्हापासून आपण शब्दासमोर शब्द मांडत आलो. ते काम मोठेच आहे. पण नामासमोर नामच शोधणारा अनुवादक अशा ठिकाणी रिकाम्या हाताने परततो. "शिपायांनी जेवणावर आडवा हात मारला" म्हणा. 'ग्रब' आपोआप मराठी झाले.

मग आपल्याकडे असे नामच नाही काय? आहे. 'खाऊ' आहे, 'टक'ला तो शोभतो, पण तो लहान मुठीत मावणारा. आणि दुसरे एक नाम आहे, ते मला माझ्याच चुकीने सापडले.

नागपूरच्या गिरणी कामगारांवर मी एक कादंबरी लिहिली आहे. १८७७ साली सुरू झालेली आणि २००२ साली बंद पडलेली एम्प्रेस मिल मनात धरून ती लिहिली. तिच्यात एक वाक्य आहे, "मधल्या सुटीत कामगार भोजन करीत होते." धंतोलीत आमच्या शेजारी एक म्हातारे गिरणी कामगार राहत. त्यांनी ती वाचली आणि एका संध्याकाळी पुस्तक परत करताना म्हणाले, "गुरुजी, भोजन लग्नाच्या पंगतीत राह्यते. मिलमंदी आमी डबा खाल्ला."

मी थट्टेने म्हणालो, "काका, डबा तर पत्र्याचा असतो!"

ते हसले नाहीत. म्हणाले, "डबा म्हटलं का झालं. आत काय हाये, ते कोनाले सांगाचं काम नाही."

कोणाच्या डब्यात पोळीभाजी असेल, कोणाच्या डब्यात शिळी भाकर आणि मिरची. 'डबा' या शब्दाने सगळ्यांवर सारखे झाकण घातले होते. माझ्या 'भोजना'ने ते उघडले, आणि आत नसलेले पदार्थ भरून ठेवले. टीकाकारांपैकी कोणी हा दोष दाखवला नाही. दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे ती चूक अजून तशीच छापील आहे.

गंमत अशी, की 'टिफिन' हा हिंदुस्थानातल्या साहेबांचा दुपारच्या हलक्या खाण्याचा शब्द. आपण तो घेतला आणि त्याचाही डबाच केला! आज धंतोली दवाखान्यांची पेठ झाली आहे. दुपारी जिन्यांवर बाहेरगावची माणसे बसलेली असतात, कोणी विचारते, "पेशंटचा डबा आला का?" तिथे 'आहार' हा शब्द परका वाटतो. आणि त्याच वस्तीतल्या रामकृष्ण मठात पाऊल टाकले, की अन्नाचे नाव 'प्रसाद' होते.

मला वाटते, खाणाऱ्याची थट्टा आपण मनसोक्त करतो. अन्नाची करीत नाही. ज्या मुलखात 'भाकरतुकडा' हा मागण्याचा शब्द होता, तिथे अन्नाला टोपणनाव ठेवायला जीभ धजली नसावी. दया पवारांच्या आत्मकथनाचे (१९७८) नावच पाहा: 'बलुतं', म्हणजे गावकामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. त्या शब्दाशी खेळ कसा करणार? म्हणून लेखकाने पात्राच्या तोंडी खाण्याचा शब्द घालताना, तो कोणाच्या पंगतीतला आहे हे आधी विचारून घ्यावे. मी विचारले नाही.

सणाच्या दिवशी एवढी मास्तरकी पुरे. तुमच्यापुढे या घटकेला ज्याचे ताट आहे, तो 'फराळ' मुळात 'फलाहार'. उपासाच्या दिवशी चार फळे खाऊन राहण्याचा हा शब्द. आपण त्याला चकली, शेव आणि लाडू चारून एवढा गुटगुटीत केला, की आज त्याच्या ताटात फळ औषधालाही सापडत नाही. शब्द असेही वाढतात.

त्या मुलाची वही मी परत मागवली. त्याने नवे वाक्य लिहिले होते: "शिपायांनी गरम गरम हादडलं." नाम कुठेच नव्हते. मी पूर्ण गुण दिले.