उपोषणाचा भार कोणावर?

स्टीव्ह मॅक्क्वीन यांचा ‘हंगर’ (२००८) हा चित्रपट पाहणें ही प्रेक्षकाची कठोर परीक्षाच आहे. उत्तर आयर्लंडमधील मेझ तुरुंगांत १९८१ सालीं बॉबी सँड्स यानें, आपणांस गुन्हेगार न लेखतां राजकीय बंदी मानावें, या मागणीसाठीं ६६ दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडला. त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. दिग्दर्शकाची सारी भिस्त झिजत जाणाऱ्या देहावर आणि भोंवतालच्या शांततेवर आहे. मध्यंतरीं मात्र सँड्स व एक धर्मगुरु समोरासमोर बसतात, आणि हा आत्मयज्ञ कीं आत्महत्या, हा वाद कॅमेरा न हलतां सतरा मिनिटें चालतो. इतका संयम आम्हीं पडद्यावर क्वचितच पाहिला आहे.

तरीहि एक बाजू येथें अस्पष्टच राहते. ज्याच्यावर उपोषणाचा भार पडावयाचा तें सरकार दूर आहे. पंतप्रधान थॅचर यांचा केवळ आवाज कानीं येतो.

आमच्या येरवड्यास निराळेंच घडलें. २० सप्टेंबर १९३२ रोजीं गांधीजींनीं अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण आरंभिलें. ते बंदी होते सरकारचे; भार पडला डॉ. आंबेडकरांवर. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटांत मोहन गोखले यांच्या गांधीजींसमोर मामुट्टी यांचे आंबेडकर येतात, तेव्हां आमचें लक्ष खिळून राहतें तें उपाशी माणसावर नव्हे, तर ज्यानें उत्तर द्यावयाचें त्याच्यावर. नकार द्यावा तर महात्म्याच्या मृत्यूचा ठपका, आणि खेडोपाडीं आपल्या माणसांवर सूड. होकार द्यावा तर हातीं आलेला हक्क जातो. २४ सप्टेंबरला करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले.

आम्हां सायखेडेकरांस या पेंचाची खूण गोदेच्या कांठानें वर गेल्यास नाशकांतच सांपडते. काळाराम मंदिराच्या दाराशीं २ मार्च १९३० रोजीं याच लोकांनीं सत्याग्रह आरंभिला, आणि दार बंदच राहिलें. दार न उघडणाऱ्यांवरच विश्वास ठेवा, असें त्यांस अडीच वर्षांनीं सांगण्यांत आलें.

कलेच्या दृष्टीनें ‘हंगर’ निःसंशय श्रेष्ठ. पटेलांचा चित्रपट चरित्रपटाच्या घाईनें प्रसंगामागून प्रसंग उरकतो. परंतु उपाशी देहापुढें मान लवविणें सोपें असतें. त्या देहापुढें उभें राहून ‘नाहीं’ म्हणूं पाहणाऱ्यास समजून घेणें कठीण. तें कठीण काम पटेलांनीं केलें आहे, म्हणून दोन्ही चित्रपट वाचकांनीं लागोपाठ पाहावेत, अशी आमची शिफारस आहे.