मालिकेतले घर

मालिका चांगली की वाईट हे ठरवताना आपल्याकडे बहुधा कथेचाच विचार होतो. पुढे काय झाले, कुणाचा तलाक झाला, कुणाचे पितळ उघडे पडले. आमचे मत थोडे निराळे आहे. कथा दोन महिन्यांत विसरायला होते. मनात राहते ते मालिकेतले वातावरण. त्या घरात कोण कुठे बसते, आई मुलीला कोणत्या आवाजात हाक मारते, पाहुणा आल्यावर काय धांदल उडते, हे राहते. पाकिस्तानी मालिकांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. आपल्या घराघरांतून त्या आवडीने पाहिल्या गेल्या, परंतु मराठीतून त्यांची चिकित्सा आमच्या वाचनात फारशी आली नाही. म्हणून हा प्रपंच.

आमच्या अम्मी-खालांच्या पिढीने 'धूप किनारे' व्हिडिओ कॅसेटवर पाहिली. पाकिस्तान टेलिव्हिजनची ही मालिका १९८७ची. लेखन हसीना मोईन यांचे, दिग्दर्शन साहिरा काझमी यांचे. कथा म्हणाल तर दोन ओळींत संपते. कराचीतील एक इस्पितळ, तेथील हूड, बडबडी डॉक्टर झोया आणि तिचे गंभीर वरिष्ठ डॉक्टर अहमर. दोघांत वयाचे अंतर आहे आणि बोलायचे धैर्य कुणालाच नाही. चौदा भागांत सारे आटोपते. पण मरीना खानची झोया खोलीत शिरली की खोलीची हवा बदलते आणि राहत काझमी नुसते गप्प राहिले तरी प्रेक्षकाला पुष्कळ ऐकू येते. हसीना मोईन यांनी हे गप्प राहणेसुद्धा लिहून ठेवले होते, असे आम्हाला वाटते.

याच कथेवर २०११ साली सोनी वाहिनीने 'कुछ तो लोग कहेंगे' ही हिंदी मालिका काढली. कराचीचे लखनौ झाले, अहमरचा आशुतोष झाला. नावे बदलली याबद्दल आमची तक्रार नाही. कथा कुठेही रुजू शकते. मोहनीश बहल आणि कृतिका कामरा यांनी कामेही जीव ओतून केली. पण चौदा भागांचा ऐवज दीड वर्ष ताणायचा म्हटल्यावर काय होणार? आठवड्याला एक भाग लिहिणाऱ्या लेखकाजवळ शांततेसाठी वेळ असतो. रोजच्या रोज भाग द्यायचा म्हणजे रोज शेवटी एक धक्का हवा आणि तो धक्का सर्वांच्या चेहऱ्यांवर तीन तीन वेळा दाखवायला हवा. दोष अभिनयाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

जून २०१४ मध्ये झी समूहाने 'जिंदगी' वाहिनी सुरू केली आणि कॅसेटचा गुपचूप व्यवहार उजळ माथ्याने दिवाणखान्यात आला. त्यातली 'जिंदगी गुलजार है' आम्ही दोनदा पाहिली. उमेरा अहमद यांची कथा, सुलताना सिद्दीकी यांचे दिग्दर्शन, भाग सव्वीस. फवाद खानच्या झारूनवर पुष्कळ लिहून झाले आहे, ते सोडून देऊ. आमच्या मते या मालिकेचा कणा आहे राफिया. मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्याने दुसरा निकाह केला. ही बाई शाळेत शिकवते, घरी शिकवण्या घेते आणि तीन मुली वाढवते. आम्ही स्वतः बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवतो, त्यामुळे या बाईची थकवा लपवण्याची पद्धत आम्हाला फार ओळखीची वाटली. समीना पीरजादा यांनी तिला कुठेही रडवी होऊ दिलेले नाही. कशफ अल्लाहकडे तक्रारीमागून तक्रारी करते, सर्वांनाच एवढे का दिले आणि आम्हालाच का नाही, असे विचारते. आई तिला सबुरीचे सांगते, पण उपदेश करीत बसत नाही, कामाला लागते. गरिबीचे इतके अब्रूदार चित्रण आपल्या हिंदी मालिकांत आम्ही पाहिले नाही. तिथे गरीब घराचीही साडी कडक इस्त्रीची असते.

मात्र वातावरणाच्या या मोहिनीत कथेतला कावा नजरेआड होतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. झारूनची आई गझाला नोकरी करते, बाहेर वावरते. म्हणून ती घराकडे दुर्लक्ष करणारी. बहीण सारा तडजोड करीत नाही. म्हणून तिचा संसार मोडतो. राफियाची नोकरी मात्र पवित्र, कारण ती नाइलाजाची आहे. स्वेच्छेने काम करणारी स्त्री आणि मजबुरीने काम करणारी स्त्री यांना लेखिकेने दोन वेगळी मापे लावली आहेत. कशफ स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होते, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींचे डोळे चमकतात. परंतु लग्नानंतर तिचे सारे शहाणपण नवऱ्याचा अहंकार सांभाळण्यात खर्च होते, तेही त्याच मुली पाहत असतात.

'हमसफर'बद्दल थोडक्यात. कपटी सासू, भोळी सून, मध्यरात्री घराबाहेर काढणे, वर्षानुवर्षे न सुटणारा गैरसमज, हा माल आपल्याकडेही ढिगाने मिळतो. तिला तारले माहिरा खानच्या संयमाने आणि नसीर तुराबी यांच्या गझलेने. ही गझल ढाका पडल्याच्या दुःखातून लिहिली गेली होती, हे तिच्यावर डोळे पुसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या शाळेतील पालक सभेत एक बाई म्हणाल्या, "टीचर, बच्चियों की जबान सुधारो ना. ड्रामे में देखो, कित्ता मीठा बोलते!" हे त्यांनी अस्सल दखनीत सांगितले आणि आम्हाला तेच जास्त गोड वाटले. कराची-लाहोरच्या दिवाणखान्यातली उर्दू ऐकून आपली बोली गावंढळ वाटू लागावी, हा या मालिकांचा न दिसणारा परिणाम आहे. हिंदी वाहिन्यांनी तर मुसलमानाचे घर म्हणजे झुंबरे, शरारे आणि आदाब एवढेच ठरवून टाकले आहे. २०१२ साली सुरू झालेल्या 'कुबूल है'चे घर भोपाळचे म्हणून सांगितले होते, पुढे तिथे हमशकल बहिणी अवतरल्या. मराठी मालिकांत मुस्लिम पात्र क्वचित दिसते. तेही सणापुरते येते, शीरखुर्मा देते आणि जाते. त्याचे घर आम्हाला आतून कधी दिसले नाही.

२०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर 'जिंदगी'वरच्या पाकिस्तानी मालिका थांबल्या. पुढे लोक त्या मोबाइलवर पाहू लागले. मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, त्या वाहिन्यांची यूट्यूबची दारेही भारतात बंद झाली. अनेकांना हळहळ वाटली. आम्हाला मात्र वाटते, या निमित्ताने उधारीचे घर सुटले आहे, तर स्वतःच्या घराकडे पाहायला हरकत नाही. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलावे लागते. तिथली कशफ हळुवार बोलूच शकणार नाही. कोकणातल्या घरात अब्बा आखातातून फोनवरच भेटतात, आणि आजी कोकणीत रागावते. सोलापूर-मिरजेकडची अम्मी मुलांशी दखनीत बोलते, भाजीवाल्याशी मराठीत भांडते आणि पत्र आले तर उर्दूत वाचते. एवढे भरलेले घर कॅमेऱ्याला अजून मिळालेले नाही. आपल्या मराठी कथाकारांनी ते कथेत आणले आहे. पटकथेत आणू पाहणाऱ्याला आधी हे ठरवावे लागेल, की पहिल्या प्रसंगात त्या अम्मीने दार उघडताना कोणत्या भाषेत "कोण?" म्हणायचे.