वाफ कुठे गेली?

वाफेचं इंजिन संग्रहालयात उभं करणं म्हणजे तबला काचेच्या कपाटात ठेवणं. वस्तू दिसते, पण तिचा बोल ऐकू येत नाही. नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज रेल संग्रहालय बघताना हे सारखं जाणवत होतं.

२००२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाचं मोठेपण आधी मान्य करतो. अडीच फुटी रुळांवरची गाडी किती घरगुती आकाराची असते, हे फोटोत कळत नाही. इंजिनाशेजारी उभं राहिलं की कळतं.

पण इंजिन थंड आहे. साध्या दाबाला पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. बॉयलर ती जागा देत नाही, म्हणून दाब वाढतो आणि दट्ट्या हलतो. दट्ट्या अगदी टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाक फिरवू शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे दट्टे पाव फेरीच्या फरकाने जोडतात. एक अडला की दुसरा ओढून नेतो. ही हुशारी उघड्या दांड्यांमध्ये बाहेरूनच दिसते. आम्ही लिहितो त्या कोडमध्ये एवढा उघडेपणा नसतो. पण दांडे हलतच नाहीत, त्यामुळे माणसं सेल्फी काढून पुढे जातात.

हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये जुनी इंजिनं आजही पेटवली जातात. तिथे लोखंडासोबत फायरमनचा हातही जपावा लागतो: कोळसा कधी टाकायचा, किती, आणि आगीत कुठे पसरायचा.

दुसरा आक्षेप एकट्या नागपूरवर नाही. आपल्याकडे वाफेचा वारसा म्हटलं की फक्त रेल्वे आठवते. मी पारोळ्याचा. आमच्या गावाला स्टेशनच नाही. गाडी धरायला अमळनेर गाठावं लागतं. पण खानदेशात वाफ रुळांवर थांबली नाही, ती कापसात शिरली. जिनिंग, प्रेस, जळगाव-धुळे-अमळनेरच्या कापड गिरण्या, त्यांचे भोंगे. याच भागातल्या गिरणी कामगारांना साने गुरुजींनी संघटित केलं. त्यांचा घाम कुठल्या दालनात ठेवणार?

उद्या खानदेशात असं संग्रहालय झालं, तर इंजिनाच्या वजनाची पाटी नंतर लावा. आधी बॉयलरसमोर किती तास उभं राहावं लागायचं आणि त्याचे किती पैसे मिळायचे, ते लिहा. इंजिन कोळशावर चालायचं हे खरं, पण तो कोळसा कुणीतरी टाकत होतं.