आनंदी आहे की आनंद झाला? : इंग्रजी भावस्थितिवाचक शब्द आणि आपले कोश

बाजारात मिळणारा कोणताही इंग्रजी-मराठी कोश उघडावा आणि ‘हॅपी’पुढे काय दिले आहे ते पाहावे. आनंदी, सुखी, प्रसन्न. विशेषणापुढे विशेषण ठेवायचे ही कोशकारांची शिस्त आणि ती इथे पाळलेली असते. आता ‘आय ॲम हॅपी’चे मराठी करा. मुलीला नोकरी लागल्याचे कळल्यावर कोणती आई ‘मी आनंदी आहे’ म्हणेल? ती म्हणेल, ‘मला फार आनंद झाला.’ ‘आनंदी’ हे आपल्याकडे स्वभावाचे विशेषण आहे. मोठी आनंदी बाई, आनंदी माणूस. कोशातला प्रतिशब्द बरोबर आणि त्यावरून बेतलेले वाक्य मात्र परके, अशी ही गंमत आहे. दूरदर्शन वाहिन्यांवरच्या अनुवादित जाहिरातींत हे परके वाक्य रोज कानावर पडते.

मराठीत मनाची अवस्था बाहेरून येते. राग येतो, कंटाळा येतो, भीती वाटते, भूक लागते, थंडी वाजते. माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. इंग्रजीत तोच कर्ता होतो आणि अवस्था त्याला ‘आहे’ने चिकटते. यावरून काही विद्वान पाश्चात्त्यांचा अहंकार आणि आपली विनम्रता असा सिद्धान्त काढतात. मला तो पटत नाही, कारण जुन्या इंग्रजीची रचना आपल्यासारखीच होती. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारे ‘मीथिंक्स’ हा त्याचाच अवशेष. त्यातले ‘थिंक’ म्हणजे विचार करणे नव्हे. भासणे या अर्थाचे ते निराळे क्रियापद होते, म्हणजे अक्षरशः ‘मला वाटते’. ‘लाइक’चा मूळ अर्थही रुचणे असा होता, वस्तू माणसाला रुचे, माणूस वस्तूला ‘लाइक’ करीत नसे. शब्दांचे विभक्तिप्रत्यय झडले, कर्ता वाक्याच्या आरंभी पक्का झाला आणि ही रचना मागे पडली. जर्मनमध्ये आजही थंडी ‘मला’च असते. तेव्हा हा प्रश्न संस्कृतीच्या थोरवीचा नाही, व्याकरणाचा आहे.

आपण इंग्रजी शब्द उचलले तेव्हाही हे व्याकरण सोडले नाही. टेन्शन आले, मूड गेला, मला बोअर झाले. शब्द विलायती, वागणूक देशी. ‘मी टेन्स आहे’ असे म्हणणारा अजून विरळाच. कोशकारांना जे सुचले नाही ते कॉलेजच्या कट्ट्यावरच्या पोरांनी न शिकता केले आहे.

आता ‘सॅड’ घ्या. याला आपण ‘उदास’ देतो आणि आजच्या व्यवहारात ते चालते. पण ‘सॅड’ जुन्या इंग्रजीत तृप्त, पोट भरलेला या अर्थाचा शब्द होता. लॅटिन ‘सॅटिस’ त्याचा नातलग. भरलेला तो जड, जड तो गंभीर आणि स्थिर, मग खिन्न, असा त्याचा उतार झाला. ‘उदास’ दुसऱ्याच वाटेने आला. उद् आणि आस्, म्हणजे अलिप्त, बाजूला बसलेला. संतांच्या मराठीत उदास असणे ही कमावण्याची गोष्ट आहे. तुकोबा धन उदास मनाने खर्च करायला सांगतात ते रडत खर्च करा म्हणून नव्हे. एक शब्द तृप्तीकडून निघाला, दुसरा विरक्तीकडून, आणि दोघे दुःखाच्या दारात भेटले. चॉसरच्या ‘सॅड’ला डोळे मिटून ‘उदास’ म्हणणारा अनुवादक निष्ठावान, धीरगंभीर पात्राला रडवे करून टाकतो.

‘नॉस्टॅल्जिया’चे तर आपण दुखणेच काढून टाकले. १६८८ मध्ये योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलच्या प्रबंधात हा शब्द घडवला तो रोगाचे नाव म्हणून. घरी परतणे आणि वेदना असे त्याचे दोन ग्रीक अवयव. आपल्या समीक्षेने त्याला ‘स्मरणरंजन’ म्हटले. हल्लीच्या इंग्रजीतही वेदना बोथट झाली आहे हे खरे, तरी ‘रंजन’ फारच गोड आहे. जुन्या अर्थासाठी ‘घराची ओढ’ जवळची. ओढीत निदान ताण तरी आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर मी इतका वेळ घातला नसता. माझ्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंबरोबर मी मानसोपचाराच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे एक छापील प्रश्नावली होती, उघडच इंग्रजीवरून उतरवलेली. ‘आपण निराश आहात का?’ नाही. ‘आपण दुःखी आहात का?’ नाही, मुले चांगली आहेत, दुःखी कशाला असेन? ‘आपण चिंताग्रस्त आहात का?’ हा शब्द त्यांना कळलाच नाही. सगळीकडे ‘नाही’वर खूण झाली. मग मी सहज विचारले, ‘काकू, करमतं का हो?’ त्या म्हणाल्या, ‘नाही रे. कशातच जीव लागत नाही. जेवण जात नाही.’ आणि डोळ्यांना पदर लावला.

‘डिप्रेस्ड’ म्हणजे खाली दाबलेला. कोशात निराश, खिन्न, विषण्ण. तिन्ही शब्द शुद्ध, पण त्या बाईंच्या तोंडचा त्यांत एकही नाही. ‘मन लागत नाही’, ‘करमत नाही’, ‘जिवाला बरं वाटत नाही’ ही विशेषणे नव्हेत, म्हणून कोशात त्यांना जागा नाही. मोल्सवर्थने १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दांबरोबर बोलीतले वाक्प्रयोग भरभरून दिले होते. उलट दिशेच्या आजच्या कोशांत ते धाडस दिसत नाही. ‘डिप्रेस्ड’च्या नोंदीत ‘करमत नाही’ हे दोन शब्द घालायला अर्धी ओळही लागणार नाही.