‘सुरक्षित’ भूजल म्हणजे किती सुरक्षित?

भूजलाच्या सरकारी मूल्यमापनात गोंदिया जिल्हा ‘सुरक्षित’ वर्गात दिसतो. वर्षभरात जमिनीत मुरणाऱ्या आणि उपसता येण्याजोग्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तो भाग सुरक्षित, ७० ते ९० टक्के असेल तर अंशतः शोषित, ९० ते १०० टक्के म्हणजे शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, अशी ही वर्गवारी आहे. शिक्षकाने हे वर्गात सांगितले आणि एखाद्या मुलीने विचारले, ‘‘सर, मग आमची विहीर एप्रिलमध्ये का आटते?’’ तर काय उत्तर द्यावे? विहीर खोटे बोलत नाही. मग अहवाल खोटा आहे का? तसेही नाही. अहवाल कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे पाहिले म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे कळते.

भूजलाचा हिशोब देशभर एका पद्धतीने व्हावा म्हणून केंद्रीय पातळीवर भूजल अंदाज समित्या नेमण्यात आल्या. १९८४, १९९७ आणि २०१५ या वर्षांच्या पद्धती त्यांच्यामुळे रूढ झाल्या. त्यांचा गाभा शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी मोजायची. पातळीतली वाढ गुणिले क्षेत्रफळ, गुणिले खडकातून आपल्या वजनाने सुटून येणाऱ्या पाण्याचा वाटा, एवढे केले की साठ्यात किती भर पडली ते मिळते. ही पद्धत सर्वांना तपासता येते आणि हा तिचा मोठा गुण आहे.

खरी मेख आहे ती त्या ‘वाट्या’त. १९९७ च्या पद्धतीत, कमी चिकणमाती असलेल्या झिजलेल्या ग्रॅनाइट-नाइस खडकासाठी तो ३ टक्के, तर वाळूमिश्रित गाळाच्या थरासाठी १६ टक्के धरायला सांगितला आहे. गोंदिया जिल्ह्यात दोन्ही आहेत. वैनगंगेच्या काठाला गाळाचे थर आहेत आणि देवरी-सालेकसाकडे कठीण खडक. एक हेक्टर जमिनीखाली पातळी ४ मीटरने उतरली, तर गाळातून ६४०० घनमीटर पाणी मिळते. नाइसमधून फक्त १२०० घनमीटर. पातळीतली घट तेवढीच, पण पाणी पाचपटीहून अधिक फरकाचे. असे भाग एका तालुक्याच्या सरासरीत एकत्र आले, की त्या सरासरीवरून कोणत्याच एका गावाची स्थिती कळत नाही.

हा झाला जागेचा प्रश्न. माझा मुख्य आक्षेप काळाविषयी आहे. उपशाची टक्केवारी सांगते की मुरलेल्या पाण्यातले माणसाने किती घेतले. उरलेले पाणी जमिनीत किती दिवस थांबते, हे ती सांगत नाही. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. पावसाळा संपला की हे पाणी उताराने नाल्यांकडे निघते. कोणी पंप लावो अथवा न लावो. १९९७ च्या पद्धतीत या आपोआप निघून जाणाऱ्या पाण्यासाठी पुनर्भरणाच्या ५ किंवा १० टक्के वजावट ठेवली आहे. प्रत्यक्षात एखाद्या पाणलोटात ती किती असावी, हे तिथल्या नाल्याचे दिवाळीनंतरचे वाहणे मोजल्याशिवाय ठरत नाही. म्हणूनच उपसा कमी आणि तरी विहीर कोरडी, हे घडू शकते. त्या मुलीला देण्याचे पहिले उत्तर हेच.

पाण्याचा मुक्काम हा कळीचा मुद्दा मानला, की या जिल्ह्यातल्या जमीन-वापराकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चार महिन्यांत येतो आणि जातो. त्याला अडवण्यासाठी कोहळी समाजातल्या जाणत्यांनी नवेगाव बांधसारखे मोठे तलाव आणि गावोगावच्या बोड्या बांधल्या. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्यानंतर ते सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. डोंगरावरचे जंगल, त्याखाली तलाव, पाळीखाली धानाच्या बांध्या आणि शेवटी नाला, अशी ही एकसंध रचना आहे. पाण्याला ठिकठिकाणी थांबायला लावणे, हे तिचे काम.

हिशोबात मात्र ही रचना तुकड्यांनी येते. २० टक्क्यांहून अधिक उताराचे डोंगर पुनर्भरणाच्या क्षेत्रातून वगळले जातात. पाणी तिथे फारसे मुरत नाही, म्हणून ते योग्यही आहे. पण त्याच डोंगरांवरून तलाव भरतो. तलावात पाणी येण्याची वाट रस्त्याने किंवा नांगरटीने अडली, तर या कोष्टकात त्याला वेगळा रकाना नाही. तलावासाठी आहे तो एक आकडा: पाणी असेपर्यंत दिवसाला १.४ मिलिमीटर झिरपा. पाणपसाऱ्याचे सरासरी क्षेत्र ठाऊक नसेल तर कमाल क्षेत्राच्या ६० टक्के धरायचे. १०० हेक्टरच्या तलावाला हे दिवसाला ८४० घनमीटर होतात. या आकड्याचे मूळ जुने आहे. १९८४ च्या समितीने वर्षाला ४४ ते ६० सेंटिमीटर झिरपा सांगितला होता, १.४ ला ३६५ ने गुणले की ५१ सेंटिमीटर येतात! गाळाने तळ लिंपला गेलेला तलाव आणि भेगाळ नाइसवर बसलेला तलाव या दोघांना हाच आकडा लागू होतो.

इथे तलावप्रेमींनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. तलाव म्हणजे भूजल भरण्याचे यंत्र, असे आपण सहज म्हणतो. पण मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ मिलिमीटर किंवा अधिक बाष्पीभवन होते. त्यापुढे १.४ मिलिमीटर किती लहान! तलावाचा मोठा उपयोग आहे तो पावसाने ओढ दिल्यावर पंपाशिवाय धान वाचवण्याचा, धीवरांच्या मासेमारीचा आणि पाळीखालच्या विहिरींची ओल टिकवण्याचा. तळाचा गाळ सरसकट खोल उपसून झिरपा वाढवला, तर विहिरींना कदाचित लाभ होईल. पण तलाव लवकर रिकामा होईल. यातले काय हवे, हे गावाने ठरवायचे असते.

उन्हाळी धानाचे गणितही करून पाहू. एका हेक्टरला हंगामात १२०० मिलिमीटर पाणी धरले, तर १२,००० घनमीटर लागतात. नाइसमध्ये ४ मीटर घट धरून हे पाणी १० हेक्टरांखालचे होते. विहिरीवरच्या धानातले ४५ टक्के पाणी परत मुरते, असे पद्धत सांगते. चिखलणी केलेल्या बांधीतूनही बरेच पाणी खाली जाते, तेव्हा हा आकडा अवास्तव नाही. तो मान्य केला तरी साडेपाच हेक्टरांखालचे पाणी एका हेक्टराला लागते. तालुक्याच्या टक्केवारीत ते नगण्य असेल. शेजारच्या उथळ विहिरीच्या दृष्टीने, एप्रिलमध्ये, ते नगण्य नसते. हे त्या मुलीला देण्याचे दुसरे उत्तर.

तेव्हा अहवाल फेकून देऊ नये, पण तो शेवटचा शब्दही मानू नये. त्यातले प्रमाण-आकडे उसने आहेत. ते आपल्या गावाचे करून घेणे शाळेला अशक्य नाही. पावसाळ्यानंतर, नाला वाहायचा थांबला की, तलावात खुणांची काठी रोवा. पाणी सोडण्याचे दार बंद हवे आणि तलावातून पंपाने उपसा होत नसावा. काठावर पसरट भांड्यात पाणी ठेवून रोजची घट मोजा. तलावापेक्षा भांडे अधिक तापते, म्हणून त्या घटीला ०.७ ने गुणा. दहा दिवसांत तलाव समजा ४५ मिलिमीटर उतरला आणि बाष्पीभवन ३० निघाले, तर झिरपा १५, म्हणजे दिवसाला दीड मिलिमीटर. एका मोजणीवर विसंबू नका. भांड्यातली थोडी चूकही उत्तर बरेच बदलते, आणि हे विद्यार्थ्यांना दिसणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. जोडीला पाळीखालच्या आणि पाळीपासून दूरच्या दोन विहिरींची पातळी दर पंधरवड्याला नोंदवा.

एका वर्षाच्या नोंदींनी धोरण बदलणार नाही. पण आपली विहीर कोणत्या महिन्यापर्यंत सुरक्षित आहे, हे सांगणारी एक वही गावात तयार होईल. ग्रामसभेत उन्हाळी धानाचा किंवा गाळ काढण्याचा विषय निघेल, तेव्हा ती वही उघडता येईल.