पहिला शब्द कोणाचा?

प्रणयकथेत पहिला शब्द कोण उच्चारतो, हा प्रश्न आपल्या वाचकांस नवा नाही. शिशुपालाशी विवाह ठरला असता रुक्मिणीने ब्राह्मणाहाती श्रीकृष्णास संदेश पाठविला. कृष्ण न आला तर प्राणत्याग, एवढे तिने त्यात पणाला लावले होते. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त तो प्रसंग रंगतो तो यामुळेच. हाच प्रश्न आता व्हिडिओ गेममधील प्रणयासही विचारावा, असे आम्हांस वाटते. या नव्या कथाप्रकारात नायक वा नायिका म्हणजे स्वतः खेळणारा. समोरचे पात्र मात्र लेखकाने आधीच लिहून ठेवलेले.

एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) घ्या. या शेतीच्या खेळात गावातील १२ अविवाहितांपैकी कोणाशीही मन जुळविता येते. आठवड्यास दोन भेटी द्याव्यात, हृदयचिन्हे भरताना पाहावीत, आठ भरली की पुष्पगुच्छ द्यावा, दहा भरली की विवाहाची मागणी घालावी. पुढाकार सर्वस्वी खेळणाऱ्याचा. पण होकार केव्हा मिळणार, हे चिन्हांनी आधीच सांगितलेले असताना त्यास पुढाकार म्हणावे काय? खेळ गोड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि तेथील प्रणयाराधन ही मशागतच होय. पाणी घातले, पीक आले!

कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या ‘ड्रॅगन एज २’ (२०११) मध्ये अँडर्स हा रुग्णांवर उपचार करणारा जादूगार हॉकजवळ, मग हॉक स्त्री असो वा पुरुष, आपण होऊन मन उघड करतो. नकार मिळाला तर तो दुखावतो आणि स्नेह व स्पर्धा मोजणारा काटा स्पर्धेकडे सरकतो. काही खेळणाऱ्यांनी कुरकुर केली: आम्ही मागितले नव्हते, मग दंड आम्हांस का? तक्रार अगदीच निराधार नव्हे. सभ्यपणे नकार देणाऱ्याच्या खात्यावर दुसऱ्याचे दुःख मांडणे अन्यायाचे वाटते. पण त्या खेळात स्पर्धा म्हणजे वैर नव्हे. त्या टोकासही प्रेम जमते. शिवाय नकाराने ज्यास काहीच होत नाही, त्याने मागितले तरी काय? अँडर्स दुखावतो, म्हणूनच तो आम्हांस माणूस वाटतो.

बेल्जियममधील लॅरियनच्या ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये सोबती आपण होऊन पुढे येतात. खेळ प्रसिद्ध होताच ते फार लवकर लगट करतात, अशी ओरड झाली. विशेषतः गेल या जादूगाराविषयी. मर्जी मोजण्याचे माप चुकून खाली राहिले होते, असे निर्मात्यांनी मान्य केले. यावरून पात्रांनी आधी बोलूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. योद्धी लाएझेल तर गेलहून कितीतरी उघडपणे मागणी करते, पुढे प्रियकरास द्वंद्वासही बोलाविते. ते खटकत नाही, कारण तो तिचा स्वभाव आहे. गेलच्या मागणीस मात्र स्वभावाचे नव्हे, चुकलेल्या आकड्याचे कारण होते.

‘स्टारड्यू व्हॅली’लाही एक श्रेय द्यावयास हवे. विवाहानंतर एखाद्या सकाळी दार उघडावे, तो जोडीदाराने न सांगता पिकास पाणी घालून ठेवलेले असते. तो लहानसा प्रसंग आम्हांस आधीच्या साऱ्या पुष्पगुच्छांहून खरा वाटला.