वाघळीचे मौर्य आणि मोऱ्यांचें देवक

मोरे हें आडनांव मौर्य या राजकुलनामावरून निघालें, आणि या घराण्याचें देवक जें मोराचें पीस तें त्या वंशाचें कुलचिन्हच होय, असें प्रतिपादन वारंवार केलेलें आढळतें. त्यास आधार म्हणून चाळीसगांवाजवळील वाघळीचा शिलालेख पुढें करण्यांत येतो. हा आधार कितपत भार सोसतो, हें तपासणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लेख शके ९९१ चा, म्हणजे इ. स. १०६९ चा असून कीलहॉर्न यांनीं तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या दुसऱ्या खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत यादव सेउणचंद्राचा मांडलिक मौर्य गोविंदराज याची वंशावळ असून कुलाचें मूळ स्थान सुराष्ट्रांतील वलभी सांगितलें आहे. त्यापूर्वींहि शके ५५६ च्या ऐहोळे लेखांत कोंकणच्या मौर्यांचा उल्लेख येतो. तेव्हां मौर्य म्हणविणारीं कुळें या बाजूस होतीं, हें निर्विवाद. मौर्य, मोरिय, मोरे ही वर्णपरंपराहि प्राकृताच्या नियमांस धरून आहे.

परंतु शब्द जुळला म्हणजे वंश जुळला, असें नव्हे. मोर या पक्षिनामावरूनहि मोरे सरळ साधतो. शिवाय वाघळीचा लेख व १६५६ त जावळी गमावणारे चंद्रराव मोरे यांमध्यें ५८७ वर्षांचें अंतर आहे. तें एका दगडानें भरून निघत नाहीं.

देवकाचा पुरावा तर त्याहून दुबळा. देवक हें लग्नकार्यांत पुजावयाचें, आणि समदेवकांचा शरीरसंबंध टाळण्यास उपयोगी पडणारें चिन्ह. राजानें सनदेनें दिलेलें बिरुद नव्हे. आयर्लंडादि देशांत आडनांवाशीं श्लेष साधून ढालीवर पशुपक्षी रंगवीत. तेथें नांव आधीं, चिन्ह मागून. मोऱ्यांचें पीसहि तसेंच नांवामागून आलें नसेल कशावरून? उलट चिन्ह आधींचें मानावें, तर आडनांव त्या पिसावरूनच पडलें असें म्हणतां येतें, व मौर्यांची गरज उरत नाहीं. दोन्ही पक्षीं देवक वंशाची साक्ष देत नाहीं.

आमचा निर्णय इतकाच: संबंध शक्य आहे, सिद्ध नाहीं. तो सिद्ध करावयाचा तर मधल्या शतकांतील वतनपत्रें, महजर व शिक्के पाहिजेत. खानदेशांत ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते मूळ स्थितींत, एकहि अक्षर न सुधारतां, उजेडांत आणावे. राजवाड्यांच्या मागें धुळ्यास त्यांच्या नांवें उभें राहिलेलें संशोधन मंडळ अशाच कामासाठीं आहे. वाघळीच्या लेखानें सांगितलें तें पुष्कळ आहे. जें सांगितलें नाहीं तें त्याच्या तोंडीं घालूं नये.